द्राक्षांच्या घडामागचा सम्राट

टोकियोत, फुनाबोरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये बंडासाठी एक स्वतंत्र खण आहे. कपाटातला वरून दुसरा. त्यात दमटपणा शोषून घेणाऱ्या पुड्या, चष्मा पुसायचं कापड, एक भिंग, आणि लहान चौकोनी डब्यांत पहुडलेली चांदीची नाणी. सगळी रोमविरुद्ध उठलेल्या लोकांनी पाडलेली. खण माझ्या नवऱ्याचा. उघडण्याआधी तो साबणाने हात धुतो. जेवणाआधी मात्र आठवण करून द्यावी लागते.

रोमला ज्यांनी ज्यांनी आव्हान दिलं, त्यांच्याबद्दल त्याला फार जिव्हाळा. इटलीतल्याच काही लोकांनी एकदा रोमविरुद्ध उठून नाण्यावर लांडगीला शिंगाखाली घेणारा बैल काढला होता. लांडगी म्हणजे रोम. त्या बैलाबद्दल नवरा असं बोलतो की वाटावं, तो याच्याच गोठ्यात वाढला. स्वतः मात्र गरीब गाय. पुण्याहून इथे कंत्राटावर आला, मग कायम झाला, आणि इतक्या वर्षांत ऑफिसात कुणालाही कशालाही नाही म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. बुचो, म्हणजे त्याच्या विभागाचे प्रमुख, जागचे उठत नाहीत तोवर हा उठत नाही. एकदा फ्लूने पडला. बरा होऊन ऑफिसला निघाला तेव्हा सहकाऱ्यांसाठी बिस्किटांचा डबा घेऊन गेला. इथे गावाला जाऊन आलं की ऑफिसात सगळ्यांना खाऊ न्यायची पद्धत आहे. तापाच्या गावाहून खाऊ आणणारा हा पहिलाच असावा.

नाण्यांचं वेडही बुचोंमुळेच लागलं. जुनी नाणी जमवणाऱ्यांचं एक छोटं मंडळ आहे, महिन्यातून एका रविवारी जिंबोचोतल्या एका कॉफीच्या दुकानावरच्या खोलीत जमतं. बुचो त्याचे जुने सभासद. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सहज म्हटलं, कधी या बघायला. ते सहजच म्हणाले असणार. हा पुढच्याच रविवारी हजर. तिथे पाहतो तो बुचोंकडे रोमच्या सम्राटांची रांगच्या रांग. आपण सम्राट घेतले तर बुचोंशी बरोबरी केल्यासारखं होईल, म्हणून याने बंडखोर घ्यायचं ठरवलं. म्हणजे बंडखोरांची निवडसुद्धा साहेबांचा मान राखायला. मी हे त्याला बोलून दाखवलं तेव्हा तो म्हणाला की तुला सगळ्यात वाकडंच दिसतं. दिसतं खरं. आता काय करणार.

त्याच्या खणातला मानकरी म्हणजे यहुद्यांच्या बंडातलं एक नाणं. आपल्या जुन्या चार आण्यांएवढं, काळपट, कडेला किंचित चेपलेलं. मला त्याची गोष्ट इतक्या वेळा ऐकावी लागली आहे की झोपेतही सांगेन. एकोणीसशे वर्षांपूर्वी जेरुसलेमच्या मुलखात लोक रोमवर उठले. राज्य आपलं, तर नाणं आपलं हवं. पण कोऱ्या चांदीच्या चकत्या घडवत बसायला सवड कुणाला होती? मग त्यांनी बाजारात फिरणारी रोमचीच नाणी घेतली आणि सम्राटाच्या तोंडावर आपला छाप ठोकला. एका बाजूला द्राक्षांचा घड, दुसऱ्या बाजूला ताडाची फांदी किंवा वीणेसारखं वाद्य, भोवती जुन्या लिपीत 'जेरुसलेमच्या स्वातंत्र्यासाठी'. घाव नीट बसला तर सम्राट गडप. घाव हलका पडला तर द्राक्षांच्या मागून त्याचं नाक किंवा मानेचा बाक डोकावत राहायचा. तीन-चार वर्षांत रोमने ते बंड चिरडून टाकलं, पण नाणी उरली. आपल्या नाण्यात सम्राट अजिबात दिसत नाही, याचा नवऱ्याला फार अभिमान होता. घाव पुरता बसलाय, असं तो म्हणायचा, जसा काही हातोडा त्यानेच उचलला होता.

माझ्याकडे खण नाही, पण त्या वर्षी माझ्याकडे एक गोष्ट आली होती. मी इथे इंजिनियरची बायको म्हणून आले. पुण्यात बालवाडीत शिकवत होते. इथे आल्यावर आधी मुकी झाले, मग एका होइकुएनमध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात, अर्धवेळ कामाला लागले. पोरांच्या दुपारच्या झोपेच्या गाद्या घालायच्या, लाळेरी धुवायची, ताई लोक गातील त्या गाण्यांत ओठ हलवायचे. मग भाषा शिकले. मग पाळणाघरातल्या शिक्षिकेची सरकारी परीक्षा दिली. नापास झाले, परत दिली, परत नापास, आणि शेवटी पास झाले. आमच्या मुख्य बाईंनी सांगितलं की एप्रिलपासून तुम्ही कायम, आणि दोन वर्षांच्या मुलांचा वर्ग तुमच्याकडे. मी स्टेशनबाहेरच्या सायकलींच्या तळावर जाऊन मनसोक्त रडले. आमच्या भागात भारतीय बरेच, मुंबई-पुण्याची किती मुलं त्या वर्गात येतात, पहिले काही दिवस नुसती 'आई' म्हणून हंबरडा फोडतात, आणि तो शब्द कळणारी तिथे मी एकटी होते. तो वर्ग मला हवा होता. लग्न ठरलं तेव्हासुद्धा मला इतकं काही हवंसं वाटलं नव्हतं.

दिवाळीला सासूबाई आल्या. पुण्याहून अनारसे, चकल्या, रांगोळीचे छाप आणि कडक शिस्त घेऊन. सासूबाईंचं आणि माझं बरं चालतं, कारण दोघींनाही गुळमुळीत बोलता येत नाही. आमच्या लेकीशी मात्र त्यांची पंचाईत. या मराठीत विचारणार, ती जपानीत उत्तर देणार, आणि दोघींना एकमेकींचं कळल्यासारखं दोघी मान डोलावणार.

मंडळाची वार्षिक बैठक दिवाळीनंतरच्या रविवारी होती. वर्षातून एकदाच घरच्या माणसांना बोलावतात, आणि त्या दिवशी नवऱ्याला आपलं नाणं सगळ्यांपुढे मांडून त्यावर चार शब्द बोलायचे होते. फोटो काढायला म्हणून त्याने लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ते डबीतून बाहेर काढलं, कापडावर ठेवलं, आणि घड्याळ पाहून तसाच ऑफिसला पळाला.

मी संध्याकाळी होइकुएनमधून घरी आले तेव्हा देवापुढच्या तबकात, तांदळाच्या राशीवर, सुपारीच्या शेजारी, जेरुसलेमचं स्वातंत्र्य लखलखत होतं. वर हळदकुंकू. सासूबाईंनी ते दंतमंजन लावून घासलं होतं, जुन्या टूथब्रशने कानाकोपरे काढले होते, पंचामृताने न्हाऊ घातलं होतं.

"अगं, दिवाळीला चांदी अशी काळी ठेवतात का? किती घासलं तेव्हा उजळलं," त्या म्हणाल्या.

जुन्या नाण्यावरचा काळा थर म्हणजे त्याची अब्रू, तिला बोट लावायचं नसतं, हे मला गोष्टीबरोबर शेकडो वेळा ऐकवलेलं होतं.  खरं सांगायचं तर नवऱ्याची काळजी वाटायच्या आधी मला हसू आलं. एकोणीसशे वर्षं ज्याला रोमन सैन्य, वाळवंट आणि दलाल काही करू शकले नाहीत, त्याला सासूबाईंनी ताक ढवळायच्या आत निकालात काढलं होतं.

नवरा मुहूर्ताला धापा टाकत पोचला, कारण सुदैवाने बुचो त्या दिवशी खुर्चीतून लवकर उठले होते. हातपाय धुऊन देवापुढे उभा राहिला, आरती सुरू झाली, आणि टाळी वाजवता वाजवता त्याची नजर तबकात गेली. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो आरतीत खपून गेला. आरती संपल्यावर सासूबाईंनी विचारलं, छान निघालंय ना. मी वाट पाहत होते. स्फोट होईल, निदान एक वाक्य तरी येईल. तो म्हणाला, छान निघालंय. आणि नमस्कार करायला खाली वाकला तो बराच वेळ वर आला नाही.

बैठक टाळता येणार नव्हती. कार्यक्रमपत्रिका छापली गेली होती, आणि छापलेल्या गोष्टीपुढे या देशाचा आणि या नवऱ्याचा इलाज चालत नाही. रविवारी आम्ही तिघं गेलो. लेकीचा बास्केटबॉलचा सामना होता. त्या खोलीत साम्राज्यविरोधाची चर्चा ज्या अदबीने चालते तशी साम्राज्याचीही कुठे चालत नसेल. कुणी कुठे बसायचं ते वयाप्रमाणे. नाणं मखमली ताटलीतून फिरतं, हातात घेण्याआधी प्रत्येकजण परवानगी मागतो, ताटलीच्या वरच ते कडेने धरतो, पाहून झालं की आभार मानतो. ज्यांनी सम्राटाच्या थोबाडावर हातोडा मारला त्यांच्या नाण्याला कुणी चुकून बोटाचा ठसाही लावत नाही.

नवऱ्याने ताटली पुढे केली.  नाणं परवाच सराफाकडून आणलेल्या जोडव्यासारखं दिसत होतं. एक आजोबा अखेर म्हणाले की फारच तेजस्वी आहे. दुसरे म्हणाले, अगदी काल पाडल्यासारखं. जपानीत याहून मोठी शिवी नसेल. सासूबाईंनी मला विचारलं, काय म्हणतायत. मी म्हटलं, कौतुक करतायत. तेव्हा त्यांनी मला सांगायला लावलं की हे मी घासलंय, फार काळं होतं. मी जसंच्या तसं सांगितलं. माझ्याही अंगात थोडी खोडी आहेच.

बुचो उठले आणि सासूबाईंपुढे कमरेत वाकले. मातुःश्रींच्या हाताचा स्पर्श झालेलं दुसरं नाणं या मंडळात नसेल, असं म्हणाले. माणूस मुळात सज्जन, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मग त्यांनी भिंग लावलं आणि बराच वेळ पाहत राहिले. काळा थर गेल्यामुळे एक गंमत झाली होती. द्राक्षांच्या घडाच्या मागून मानेचा बाक दिसत होता, आणि मुकुटाच्या फितीची मागे सुटलेली टोकं. सम्राट गेला नव्हता. बुचोंना मनापासून आनंद झाला. त्यांनी सगळ्यांना बोलावून बोलावून ती मान दाखवली. आणि ज्याने वर्षानुवर्षं 'घाव पुरता बसलाय' म्हणून मला पकवलं, तो माझा नवरा शेजारी उभा राहून म्हणत होता, होय, खरंच, किती स्पष्ट दिसतात सम्राट.

कॉफी आली. बुचो माझ्याशेजारी येऊन बसले आणि म्हणाले की सेंदाईत थंडी टोकियोहून जास्त, पण शहर फार छान, झाडं खूप, भारतीय विद्यार्थीही बरेच. मला वाटलं, गप्पा मारतायत. मग त्यांनी विचारलं की मुलीची शाळा बघून झाली का. आणि एप्रिलच्या बदलीला कुटुंबासह जायला तुम्ही इतक्या आनंदाने तयार झालात, त्याबद्दल मनापासून आभार.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो साखरेची पुडी वाचत होता.

मी काय केलं? मी हसले. कॉफीचा कप ठेवला, आणि पुढेही आपली कृपा असू द्या, या अर्थाचं जे वाक्य इथे म्हणतात ते म्हणून चांगली कमरेत वाकले. सवय वाईट.

जपानच्या गाडीत भांडता येत नाही, ही या देशातल्या संसारांची मोठी सोय किंवा गैरसोय आहे. सगळा डबा गप्प असतो. जिंबोचो ते फुनाबोरी मी खिडकीतल्या काळोखाकडे बघत बसले, नवरा बुटांकडे. मध्येच सासूबाईंनी खणखणीत आवाजात विचारलं, सेंदाई म्हणजे काय गं? त्या भाषणातला तेवढा एक शब्द त्यांनी पकडला होता. समोरचा माणूस दचकून जागा झाला. मी म्हटलं, घरी सांगते.

घरी सांगितलं. आवाज चढवूनच सांगितलं. तीन आठवडे याला बदलीचं ठाऊक होतं. विचारलं त्या क्षणी हा हो म्हणून बसला होता, आणि दिवाळीत विरस नको म्हणून घरी बोलला नव्हता. मी म्हटलं, माझा वर्ग? तो म्हणाला की सेंदाईतही होइकुएन असतील की. असतील. तिथे मी पुन्हा गाद्या घालण्यापासून सुरुवात करेन, असं मी म्हटलं. त्यावर तो फार समजुतीच्या सुरात म्हणाला की तुला कळत नाही, जपानीत नाही म्हणत नाहीत.

लेक खोलीच्या दारात उभी होती. सेंदाईला जायचंय हे तिलाही आत्ताच कळत होतं.

"या दा," ती म्हणाली. म्हणजे, मला नको. स्वच्छ जपानीत.

सासूबाईंना तो शब्द कळला नाही, सूर कळला. त्यांनी मुलाला समोर बसवलं. एकेकाळी त्या टेलिफोन खात्यात होत्या, आणि सासरेबुवांची सोलापूरला बदली झाली तेव्हा ती नोकरी सोडून गेल्या, एवढं मला ऐकून माहीत होतं.  त्यांनी एवढंच विचारलं की नाही म्हटलं तर साहेब काय करतील, हे तू त्यांना विचारलंस का. तो म्हणाला, असं विचारत नाहीत. त्या म्हणाल्या, उद्या विचार. बाहेर साहेब आणि घरात आई अशा दोन सत्ता एकाच वेळी अंगावर आल्यावर त्याने जवळची निवडली.

सोमवारी तो बिस्किटांचा डबा घेऊन गेला. मी त्या दिवशी होइकुएनमध्ये दोनदा लाळेरी उलटी बांधली. मुख्य बाईंनी बरं नाही का म्हणून विचारलं, मी बरी आहे म्हटलं. पुढच्या वर्षीच्या वर्गाच्या भिंतीवर लावायची चित्रं त्या मला दाखवत होत्या, आणि मला एकही चित्र नीट दिसत नव्हतं. कारण मी ठरवून टाकलं होतं की तो गेला तरी मी जाणार नाही, आणि मग लेक कुणाकडे, सण कुठे, आणि आम्ही दोघं कोण, एवढंच डोक्यात फिरत होतं.

संध्याकाळी तो लवकर घरी आला. चेहरा असा, की याला काढून टाकलं असावं. सासूबाई ओट्यापाशी पोळ्या लाटत होत्या, मी भाजत होते. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, रद्द झालं. बुचोंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, अडचण होती तर आधीच सांगायचं. विभागातल्याच एकाचे आईवडील सेंदाईत असतात, तो कधीपासून तिकडे जायची वाट पाहतोय, त्याला पाठवतील. तुम्हाला उगीच त्रास झाला म्हणून उलट बुचोंनीच याची माफी मागितली. पाच मिनिटांचंही काम नव्हतं.

मला इतका आनंद झाला की तव्यावरची पोळी करपली. मी चकल्यांचा डबा त्याच्यापुढे उघडला, वर दहीसुद्धा दिलं. मनातून शरमही वाटली, की ज्या बुचोंना मी इतकी वर्षं शिव्या घातल्या, आमच्या हुकलेल्या सगळ्या संध्याकाळींचं खापर ज्यांच्या डोक्यावर फोडलं, त्यांच्या नुसतं कानावर घालायचं होतं. नवरा मात्र खट्टू होता. इतकं सोपं निघाल्याचा त्याला अपमान वाटला असावा.

"उलट मलाच म्हणाले, मी तेव्हाच तुम्हाला विचारलं होतं," चकली मोडत तो कुरकुरला.

"काय विचारलं होतं?"

"हेच. मिसेसना इथे नोकरी आहे ना, त्यांना चालेल का म्हणून."

मी पोळी उलटली. "मग तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, तिचं काही नसतं."

त्याने हे अगदी सहज सांगितलं, दही आंबट आहे म्हणावं तसं. पोळपाटावरचं लाटणं थांबलं. मी गॅस बंद केला. आजवर मी जपानला बोल लावला, कंपनीला लावला, बुचोंना लावला, आणि त्या भल्या माणसाने माझी चौकशी केली होती. ज्याने माझ्या वतीने मला पुसून टाकलं तो माझ्या स्वयंपाकघरात चकली खात होता. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो कुणावर आहे याबद्दल पहिल्यांदाच काही शंका नव्हती.

मी म्हटलं, उद्या परत बुचोंकडे जायचं आणि सांगायचं, की बायकोबद्दल मी जे बोललो होतो ते खोटं होतं, तिचं असतं.

"हो," बुचोंना म्हणावं तसं तो म्हणाला आणि त्याने दुसरी चकली घेतली. का जायचं, ते त्याने विचारलं नाही.